काठी, सावली आणि पाच वेळा



मशिदीच्या भिंतीवर एका फलकात ओळीने लावलेली घड्याळं तुम्ही पाहिली असतील. पाच रोजच्या नमाजांची, एक जुम्म्याचं. अनेक ठिकाणी त्यांचे काटे चालत नाहीत, हाताने फिरवून ठेवतात. पाहुण्याला वाटतं, याच नमाजाच्या वेळा. पण त्या असतात जमातीच्या वेळा. सगळ्यांनी मिळून केव्हा उभं राहायचं, ते तिथल्या माणसांनी ठरवलेलं असतं. वक्त लागतो कधी आणि संपतो कधी, हे शेजारच्या तक्त्यात असतं, आणि तो कुणाच्या सोयीने हलत नाही. आज मी बोलणार आहे ते त्या तक्त्याबद्दल.

त्याला ‘दायमी’ म्हणतात, म्हणजे कायमचा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, कारण तो चंद्राचा महिना. रोजच्या पाच वेळा सूर्याच्या. त्यामुळे १३ मेच्या वेळा यंदा ज्या, जवळजवळ त्याच पुढल्या वर्षी. मात्र हा कायमपणा एका गावापुरता. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सव्वासहा अंशांचं अंतर आहे. अंशाला चार मिनिटं धरली, तर नागपूरची मध्यान्ह मुंबईच्या २५ मिनिटं आधी होते. आणि आपलं घड्याळ तर ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं. जोहरचा, म्हणजे दुपारच्या नमाजाचा, वक्त घड्याळात बारा वाजल्याने लागत नाही. त्या गावावरचा सूर्य माथ्यावरून ढळावा लागतो.

मगरिब सोपी वाटते : सूर्य बुडाला की झाली. तरी गणित करणारा सूर्याचं केंद्र क्षितिजाखाली ५० कला गेलेलं धरतो, कारण हवा किरणांना वाकवते आणि बिंबाची वरची कडही बुडायला हवी. पहाटेची फजर आणि रात्रीची इशा अधिक अवघड. पहाटेआधी पूर्वेला एक उभा, फिकट उजेड चढतो. तो सुबह काजिब, खोटी पहाट. जुन्या लोकांनी त्याला लांडग्याच्या शेपटीची उपमा दिली. तो विरल्यावर क्षितिजालगत आडवा पसरतो तो सुबह सादिक, आणि फजर तिथून सुरू होते. हा उजेड अंशांत बसवताना मतं वेगळी होतात : कराचीच्या पद्धतीत सूर्य क्षितिजाखाली १८ अंश, इजिप्तमध्ये साडेएकोणीस, उत्तर अमेरिकेत अनेक ठिकाणी १५. मला यात गोंधळ दिसत नाही. उजेड हळूहळू येतो, रेघ आपल्याला ओढावी लागते. लंडनमध्ये तर मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य १८ अंश खाली जातच नाही. तिथे रेघ कुठे ओढायची हे वेगळं ठरवावं लागतं.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती दुपार कलल्यावरची असर, कारण ती सावलीवर मोजतात. मध्यान्हीला काठीची जी सावली असते ती साया-ए-असली. तिच्यात काठीच्या उंचीइतकी भर पडली, की शाफई मतानुसार असर लागते. हनफी मतात भर दुप्पट हवी. आपल्या कोकणी मुसलमानांत शाफई परंपरा आहे, अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापाराच्या नात्यातून आलेली. घाटावर बहुतेक हनफी. म्हणून मुंबईत एकाच दुपारी दोन असर होतात.

या सावलीशी आपलं नातं जुनं आहे. आपल्या ज्योतिषातला शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, बारा अंगुळांचा. अरबी गणितज्ञांनी तोच बारा भागांचा शंकू घेतला. सावलीवरून दिवसाचा किती भाग सरला हे काढण्याची भारतीय रीत त्यांनी वापरली. आपल्या त्रिकोणमितीतली ‘जीवा’ तिकडे ‘जैब’ झाली. नमाजाच्या वेळांचे सर्वांत जुने ज्ञात तक्ते नवव्या शतकातले, बगदादच्या अक्षांशासाठी केलेले, आणि ते अल-ख्वारिज्मीच्या नावावर आहेत. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतल्या ‘सिंदहिंद’वर ज्याने आपलं ग्रहगणिताचं कोष्टक रचलं, तोच हा. पुढे मशिदींत ‘मुवक्कित’ हे पदच निर्माण झालं, वेळ मोजणाऱ्या विद्वानाचं. दमास्कसच्या उमय्या मशिदीचा मुवक्कित इब्न अल-शातिर याने १३७१च्या सुमारास मिनारावर संगमरवरी छायायंत्र बसवलं. ग्रहगतीच्या त्याच्या रचना कोपर्निकसच्या रचनांशी जुळतात, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. अजान वेळेवर व्हावी म्हणून पगारी नेमलेल्या माणसाने हे काम केलं, याचा मला फार आदर वाटतो.

१३ मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. गच्चीवर हातभर काठी सरळ उभी करा. १२ वाजून ३१ मिनिटांनी तिची सावली पायाशी नाहीशी होईल, म्हणजे साया-ए-असली शून्य. काठी तशीच राहू द्या. सुमारे ३ वाजून ४१ मिनिटांनी सावली काठीएवढी भरेल, तेव्हा शाफई असर लागलेली असेल. पाचच्या सुमारास पुन्हा गच्चीवर या. सावली दोन हात झालेली असेल.