गावची मिळकत आणि घरची चूल

(न्यासाच्या महोत्सवी सभेत झालेले भाषण)



न्यासाने मदत कोणाला द्यावी, या प्रश्नावर दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे.

“गोवा संपन्न, इथे गरीब कोण?” असे पुष्कळदा ऐकू येते. त्यात तथ्य आहे. नियोजन आयोगाच्या २०११-१२ च्या अंदाजाप्रमाणे ग्रामीण महाराष्ट्रात शेकडा २४.२२ लोक दारिद्र्यरेषेखाली होते, तर ग्रामीण गोव्यात ६.८१. दरडोई उत्पन्न अधिक, तिथे गरिबी बहुधा कमी. परंतु हे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे वाटणीत आहे.

शाळेतले गणित घ्या. दोन वाडे, प्रत्येकी दहा घरे, मासिक मिळकत एकेक लाख रुपये. पहिल्यात प्रत्येक घरी दहा हजार. दुसऱ्यात एका घरी पंचावन्न हजार आणि नऊ घरी पाच-पाच हजार. सरासरी दोहोंची सारखीच. पण सहा हजारांची रेषा ओढली, तर पहिल्यात गरीब एकही नाही, दुसऱ्यात नऊ घरे गरीब. आता दुसऱ्या वाड्याची मिळकत वीस हजारांनी वाढली आणि ती मोठ्या घरीच गेली, तर सरासरी फुगेल, नऊ घरे होती तिथेच राहतील. तीच वाढ नऊ घरांत वाटली गेली, तर एकही घर गरीब उरणार नाही.

आपल्या डिचोलीत खनिजाचा पैसा आला. पण खाणमालकाचा नफा, ट्रकवाल्याचे भाडे आणि मजुराचा रोज यांत महदंतर होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने पट्टे रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. अशा वेळी ज्याच्यापाशी कुळागर वा शेत असते, त्याला आधार राहतो. १९६४ च्या कूळ कायद्याचे मोल इथे कळते. ज्याच्यापाशी केवळ रोजंदारी, त्याच्या चुलीला आधी झळ पोहोचते. २०२४ साली तालुक्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले. शेजारी पेडण्यात २०२३ पासून मोपाहून विमाने उडतात. मिळकत वाढेल, ती कोणत्या घरी उतरेल, हे पाहिले पाहिजे.

जकात देताना आपण गावाची सरासरी विचारीत नाही. देणाऱ्याची ऐपत आणि घेणाऱ्याची गरज पाहतो. न्यासाने शिष्यवृत्तीचे अर्जही तसेच तपासावेत: घरात कमावते किती, जमीन आहे काय, सारी मिळकत एकाच धंद्यावर तर नाही ना?