सातवा क्लेम

(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी पत्रिकेत माझ्या नावापुढे 'पेटंटधारक' असं छापलंय. ते वाचून मला घाम फुटला. ग्रुपवर तुम्ही अभिनंदनाचा पाऊस पाडलात तेव्हा मी नुसते जोडलेले हात टाकून गप्प बसले होते. खरी हकीकत थोडी वेगळी आहे, आणि ती तोंडानंच सांगावी म्हणून आज बोलायला हो म्हटलं.

२०१९ च्या दिवाळीनंतर आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली. क्रीडादिनाला डबाभर शेंगदाण्याचे लाडू घेऊन येणारी ती माझी आई, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. घरी आणल्यावर सर्जिकलच्या दुकानातून बेड भाड्यानं आणला. दुकानदार विचारतो, "सेमी-फाउलर देऊ की फुल-फाउलर?" मला वाटलं कंपनीचं नाव असेल. फाउलर हे अमेरिकेतले सर्जन. पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंटला डोक्याकडून उंच करून ठेवावं, हे त्यांनी १९०० च्या सुमारास मांडलं. गुडघ्याखालचा भागही उचलता येईल असा तुकड्यांचा बेड विलिस गॅच या दुसऱ्या अमेरिकन सर्जननं १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केला. आपल्याकडे सेमी म्हणजे पायथ्याशी एक हँडल, पाठ वर येते. फुल म्हणजे दोन हँडल, एक पाठीचं, एक गुडघ्यांचं. आम्ही फुल आणला.

तरी आई रोज खाली घसरायची. सकाळी पाठ वर केली की तासाभरात पाय बेडच्या कठड्याला टेकलेले. दोघींनी काखेत हात घालून तिला वर ओढायचं. महिन्याभरात माकडहाडापाशी कातडी लाल झाली, मग फुटली.

का घसरायची, ते मी एका रात्री वहीवर आकृती काढून पाहिलं. भूमितीच्या बाई इथे आहेत, त्यांना लगेच कळेल. बेडची बिजागरी गादीच्या खाली असते, आणि माणसाचा खुब्याचा सांधा गादीच्या वर. म्हणजे दोन वर्तुळं, केंद्रं वेगळी. फळी एका वर्तुळावर फिरते, पाठ दुसऱ्या. फरकाचं माप कुठंतरी जायलाच हवं, म्हणून शरीर पायथ्याकडे ढकललं जातं. गाउन आणि कातडी चादरीला धरून राहतात आणि आतलं हाड सरकतं. ती घसट कातडीला फाडते. उपाय जुना आहे आणि साधा आहे: गुडघे आधी उचला, पाठ नंतर. खाली घेताना उलट, पाठ आधी. नर्सला हे माहीत असतं. पण घरी सांभाळणाऱ्या मावशींना आधी पाठीचं हँडल दिसायचं, ते त्या फिरवायच्या. त्यांना बोलणं सोपं होतं, आणि मी बोललेही. नंतर पाहिलं तर मीही तेच करत होते.

आता सॉफ्टवेअरवाल्या बाईला असा प्रश्न दिला की ती काय करणार? दोन मोटरी, एक कंट्रोलर, आणि क्रम पाळणारा प्रोग्राम. दोन आठवड्यांत केला. झकास चालला. मार्च २०२० मध्ये एक मोटर जळाली, लॉकडाउन लागला, दुसरी मिळेना. त्यात वीज जायची ती वेगळी.

मग गेले आपल्या स्टेशन रोडच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे. खिडक्यांचे ग्रिल आणि उसाच्या ट्रॉल्या करणारे. शाळेच्या सायकल स्टँडचं छप्परही त्यांनीच केलेलं. त्यांनी बेड पाहिला, आईशी बोलले, आणि म्हणाले, "एकच हँडल ठेवू. म्हणजे चूक करायची सोयच नको."

त्यांनी काय केलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हँडल फिरवलं की लांब स्क्रूवर एक नट पुढे सरकतो. नटाला जोडलेल्या लोखंडी पट्टीला चढ दिला. गुडघ्याच्या फळीखाली जुन्या बेअरिंगचा रोलर, तो त्या चढावर चढतो आणि गुडघे वर येतात. पाठीच्या दांड्याची पिन मात्र लांबट खाचेत. खाच संपेपर्यंत पिन नुसती सरकते, पाठ हलत नाही. खाच संपली की पाठ उठायला लागते, आणि तोवर पट्टीचा चढ संपून सपाटी आलेली असते, म्हणून गुडघे तिथंच थांबतात. उलट फिरवलं की आपोआप उलटा क्रम.

आठवड्यानंतर आई जेवताना बोट दाखवून काहीतरी सांगत होती. बोलणं तुटक होतं. मला वाटलं भाजी तिखट झाली. काका हँडलला ग्रीस द्यायला आले होते, ते उभे राहून बघत होते. म्हणाले, "त्यांचे गुडघे पोटात येतायत. सरळ बसवलं की जेवण उतरत नाही." दुसऱ्या दिवशी पट्टी काढून नेली आणि सपाटीच्या पुढे थोडा उतार देऊन आणली. आता पाठ पुरती वर आली की गुडघे आपोआप चार बोटं खाली यायचे. आई त्या दिवशी पूर्ण भाकरी जेवली. मी काकांना साहित्य आणि मजुरी मिळून चौदा हजार दिले आणि विषय संपला असं समजले.

पेटंटची कल्पना ऑफिसातल्या एकाची. पुण्यातल्या एजंट बाईंकडे गेले. त्यांनी पहिली तंबी दिली की अर्ज दाखल होईपर्यंत कुठेही फोटो टाकायचा नाही. शोध जगजाहीर झाला की नवा राहत नाही. म्हणून तुम्हाला ग्रुपवर इतके दिवस काही कळलं नाही, राग नसावा. जानेवारी २०२१ मध्ये अर्ज केला. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये. एरवी अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि तपासणीची वेगळी मागणी करावी लागते. पण २०१९ पासून नियमात अशी सोय आहे की अर्जदारांत एक जरी स्त्री असली तरी जलद तपासणी मागता येते. त्याचे ८००० भरले. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा, आपल्याला कुठंच रांगेत पुढे उभं करत नाहीत, इथे करतात.

अर्जात 'शोधक' असा एक रकाना असतो. मी माझं नाव लिहिलं. एकटीचं. एजंट बाईंनी विचारलंही होतं, "आणखी कोणी?" मी म्हटलं, नाही, फॅब्रिकेशन बाहेरून करून घेतलंय.

नऊ क्लेम होते. क्लेम म्हणजे काय, तर 'यावर माझा हक्क आहे' असं एकेका वाक्यात बांधून लिहिलेलं. बाई, आपण प्रमेयात 'साध्य' लिहायचो ना, तसंच. फरक इतकाच की इथे साध्य जितकं मोठं, तितकं ते ढासळायला सोपं. पहिल्या क्लेममध्ये मी गुडघे आधी, पाठ नंतर हा क्रमच मागितला होता. मग प्रोग्राम, मग सेन्सर, असं करत सातव्या क्रमांकावर तो पट्टीचा उतार, किरकोळ सुधारणा म्हणून.

त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास तपासणीचा पहिला अहवाल आला. एक्झामिनरनं जुनी कागदपत्रं जोडली होती. एका परदेशी पेटंटात गुडघे आणि पाठ क्रमानं उचलणारा बेड. दुसऱ्यात तीच लांबट खाच, वेगळ्या यंत्रात. दोन्ही एकत्र करणं त्या कामातल्या कुशल माणसाला उघडच सुचेल, म्हणून पहिले सहा क्लेम नाकारण्याजोगे. आठ आणि नऊ निव्वळ प्रोग्रामचे, ते कलम ३(के) खाली बाद. माझा सगळा प्रोग्राम दोन ओळींत गेला. सातव्याबद्दल मात्र लिहिलं होतं की सपाटीनंतर उतार असलेली पट्टी जोडलेल्या कागदांत सापडत नाही, अर्जदारानं तिचा तांत्रिक फायदा स्पष्ट करावा.

मी चिडले. उत्तराला सहा महिने असतात, त्यातला एक महिना चिडण्यात गेला. मग एजंट बाईंनी सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा निकाल वाचायला दिला. मिर्झापूरची पितळी भांडी. लेथवर भांडं पक्कं धरायच्या साधनाचं १९५१ सालचं पेटंट होतं. कोर्टानं ते रद्द केलं. सोय झाली, काम सुधारलं, तरी ही कारखान्यात रोज होणारी सुधारणा आहे, शोध नव्हे. ते वाचल्यावर मी अहवाल आणि माझे क्लेम घेऊन काकांकडे गेले. कायद्यातला 'कुशल माणूस' कसा असतो हे पाहायचं तर त्यांच्याइतका जवळचा दुसरा कोण?

मी एकेक क्लेम मराठीत सांगितला. पहिल्यावर म्हणाले, "हे कुणीही केलं असतं." खाचेवर म्हणाले, "ट्रॉलीच्या हुकाला असते तशीच." सातव्यावर थांबले. म्हणाले, "हे मात्र तुमच्या आईला जेवताना बघितलं म्हणून सुचलं."

मला पुढे काही बोलता येईना. जे टिकलं होतं ते त्यांचं होतं, आणि शोधकाच्या रकान्यात ते नव्हते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आई गेली. त्याच महिन्यात मी एजंट बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी सांगायचं असतं." शोधक म्हणून नाव घालायला कलम २८ खाली वेगळा अर्ज लागतो, अर्जदार वाढवायला वेगळी दुरुस्ती. काकांची सही हवी. ते आधी तयारच होईनात. "मजुरी दिलीत की मला." आणि कागदावर सही करायची त्यांना भीती. चार दिवस कागद त्यांच्या घरी होता. त्यांच्या मुलीनं वाचून दाखवला, तिनंच मला दोन शंका विचारल्या, दोन्ही रास्त होत्या. मग सही झाली.

सुनावणी व्हिडिओवर झाली. क्लेममध्ये नवं काही घालता येत नाही, आधी लिहिलेल्यातूनच कमी करता येतं. म्हणून सातवा उचलून पहिला केला, बाकीचे सोडले. अधिकाऱ्यांनी विचारलं, उताराचा कोन किती आणि तो का? मी कागद चाळू लागले. शेजारी बसलेल्या काकांनी हाताचा पंजा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं, इतका, आणि जास्त दिला तर माणूस पुन्हा घसरतो. तेच लेखी करून दिलं. त्या वर्षअखेर पेटंट मंजूर झालं. अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, आणि चालू ठेवायला सध्या वर्षाला ८०० रुपये. ते आम्ही निम्मे निम्मे भरतो, हा त्यांचाच हट्ट. अजून कुठल्या कंपनीनं विचारलेलं नाही. त्यांनी स्वतः सहा बेड केले, सगळे याच तालुक्यात.

पत्रिकेवर दुसरं नाव नाही, म्हणून संयोजकांना सांगून मी त्यांना बोलावलंय. ते मागे दाराजवळ उभे आहेत, खुर्ची देऊनही बसत नाहीत. सायकल स्टँडच्या छपराचा एक पत्रा सैल झालाय, हे मघाशीच त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं.

आणि आईचा बेड आमच्या पुढच्या खोलीत रिकामा आहे. आपल्या सगळ्यांचेच आईवडील आता त्या वयाचे आहेत. कुणाला लागला तर मला फोन करा, भाडं वगैरे काही नाही. पाय सुटे होतात, पण न्यायला छोटा टेम्पो लागेल, आणि उचलायला चौघं.