परगावचा सामना

फुटबॉलच्या शौकिनांची एक खोड आहे. काल झालेल्या सामन्याविषयी ते घटकाभर बोलतील. पण दहा वर्षांपूर्वीच्या सामन्याचा विषय निघाला की त्यांना वेळेचे भान उरत नाही. त्यातही तो सामना शेजारच्या प्रतिस्पर्ध्याच्या गावी जाऊन पाहिलेला असेल, तर मग विचारावयासच नको. गाडी कोणती पकडली, जागा कोठे मिळाली, घोषणा कोणत्या झाल्या आणि परतताना डब्यात कोण कोणाशी बोलेनासे झाले, हे सारे यथासांग सांगितले जाते. घरच्या मैदानावरचे शंभर सामने एकमेकांत मिसळून जातात. परगावचा एक सामना मात्र मनात वेगळा उभा राहतो. असे का व्हावे, याचा थोडा विचार आज आपल्यापुढे मांडावा असा माझा मानस आहे.

मी राहतो सुरत शहरात, लिंबायत भागात. यंत्रमाग आणि कापडाचा धंदा यांच्या ओढीने येथे खानदेशातून हजारो कुटुंबे आली. त्यामुळे येथील गल्ल्यांतून मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते, आणि महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. खेळ म्हटला की तो क्रिकेट, हे येथील मुलांना सांगावे लागत नाही. तथापि, वसई, सावंतवाडी आणि गोवा या बाजूंकडून पोटापाण्यासाठी आलेली थोडी मंडळीही या शहरात आहेत आणि त्यांचा जीव फुटबॉलमध्ये गुंतलेला आहे. सुरतेचा स्वतःचा संघ इंडियन सुपर लीगमध्ये नाही. तेव्हा कोणी मुंबईचा पक्ष घेतो, कोणी गोव्याचा. रविवारी सायंकाळी अशी चार-सहा डोकी चहापाशी जमली म्हणजे ओघाने दोन सामने निघतात. दोन्ही सामने मडगावजवळच्या फातोर्डा येथील मैदानावर झाले; म्हणजे मुंबईकरांच्या दृष्टीने परगावी.

पहिला सामना १७ नोव्हेंबर २०१५ चा. लीगचे ते दुसरेच वर्ष. गोव्याच्या संघाचे मार्गदर्शक होते ब्राझीलचे विख्यात खेळाडू झिको, आणि मुंबईच्या संघाची धुरा फ्रान्सच्या निकोला अनेल्का यांच्याकडे होती. दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्यातील एक वसईकर गृहस्थ, जे येथे एका रंगशाळेत कामाला आहेत, सुट्टीत घरी गेले होते. तेथूनच त्यांनी रात्रीची गाडी धरली आणि मडगाव गाठले. त्या रात्री गोव्याने मुंबईचा सात विरुद्ध शून्य असा फडशा पाडला. दुदू आणि हाओकिप यांनी प्रत्येकी तीन गोल केले, आणि एक रेनाल्डो याने. त्या वेळेपर्यंत लीगमध्ये एवढ्या फरकाने कोणी जिंकले नव्हते.

वसईकर सांगतात, ''सर, हरणे मला नवे नाही. पण सात म्हणजे फार झाले हो! पाचव्यानंतर मी मोजणे सोडून दिले. शेजारी बसलेला गोवेकर मला बोटांवर आकडा दाखवीत होता.''

यावर आमचे गोवेकर मित्र हसून म्हणतात, ''अरे, सात म्हणजे आठवड्याचे सात वार. रोज एक आठवीत जा!''

दुसरा सामना २४ एप्रिल २०२४ चा, उपान्त्य फेरीचा पहिला. या वेळी हे गोवेकर मित्र घरच्या कार्यासाठी गोव्यात होते आणि मैदानावर हजर होते. बोरिस सिंग आणि मडगावचाच ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांनी गोवा दोन विरुद्ध शून्य असा पुढे होता. सामना संपत आला. गर्दीतून सुटावे म्हणून आमचे मित्र दोन मिनिटे आधीच उठले. जिन्यापर्यंत पोहोचले तोच सारे मैदान एकाएकी गप्प झाले आणि एका कोपऱ्यातून आरोळी उठली. ती आरोळी आपल्या माणसांची नव्हे, हे मागे वळून न पाहताही त्यांना समजले. नव्वदाव्या मिनिटाला छांगटे, त्याच्या पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंग, आणि वाढीव वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे! मुंबईने सामना तीन विरुद्ध दोन असा जिंकला. पुढे परतीचा सामनाही जिंकून मुंबई अंतिम फेरीत गेली आणि ४ मे रोजी कोलकात्यात मोहन बागानला हरवून विजेती ठरली.

''तुमची ताटे वाढून झाली होती,'' वसईकर म्हणतात, ''हात धुऊन पंगतीला मात्र आम्ही बसलो!''

आता यातील मौज पाहा. वसईकरांचा संघ २०२४ मध्ये जिंकला. तरी ते अधिक वेळ बोलतात ते २०१५ च्या पराभवाविषयी. गोवेकरांचे तसेच. सात गोलांचा विजय ते एका वाक्यात आटोपतात, पण जिन्यावरील ती दोन मिनिटे सांगावयास त्यांना अर्धा तास लागतो. विजय सर्वांच्या मालकीचा असतो. तो वर्तमानपत्रात छापून येतो, त्यावर कोणीही हक्क सांगावा. पराभवाच्या वेळी जो तेथे होता, त्याचीच ती मिळकत असते.

हे केवळ खेळाच्या रंगतीमुळे घडते काय? मला तसे वाटत नाही, आणि त्यास पुरावा आहे. या दोन संघांत याहूनही चुरशीचा सामना ८ मार्च २०२१ रोजी झाला. तोही उपान्त्य फेरीचाच. अतिरिक्त वेळेतही कोंडी फुटली नाही आणि पेनल्टी किकांवर मुंबई सहा विरुद्ध पाच अशी निसटती जिंकली. परंतु आमच्या बैठकीत त्या सामन्याचे नाव निघत नाही. महामारीमुळे तो सारा हंगाम गोव्यात प्रेक्षकांवाचून खेळविला गेला होता. कोणी गाडी धरली नाही, कोणी कोणास बोटे दाखविली नाहीत, कोणी जिन्यावर थबकले नाही. निकालाची नोंद राहिली. आठवण मात्र झाली नाही. आठवण होण्यास माणसाला उठून शेजाऱ्याच्या दारी जावे लागते.

मुंबई आणि गोवा यांच्या बाबतीत तर हे शेजारपण फार जुने आहे. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, शिवोलीस आलेल्या विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या धर्मगुरूंबरोबर, असे मानले जाते. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. गोव्याची माणसे नोकरीसाठी, बोटीवर जाण्यासाठी मुंबईस येत आणि आपापल्या गावाच्या 'कूड' नावाच्या वसतिगृहात उतरत. त्यांच्याबरोबर त्यांचा खेळही मुंबईस आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा पहिला आशियाई खेळाडू, हा मुंबईत वाढलेला आणि मूळ गोव्याच्या घराण्यातला. त्याला कोणत्या गावाचा म्हणावे? आणि २०२४ च्या त्या रात्री गोव्यासाठी गोल करणारा ब्रँडन त्याच वर्षी मुंबईच्या संघात दाखल झाला. जिच्याशी इतकी देवघेव आहे तिलाच आपण प्रतिस्पर्धी म्हणतो. दूरच्या संघाकडून हार झाली तर वाईट वाटते. शेजाऱ्याकडून झाली तर ती दुसऱ्या दिवशी कामावर, बाजारात आणि लग्नाच्या मांडवातही ऐकून घ्यावी लागते. भाऊबंदकीचाच हा एक प्रकार, मात्र त्यात कोर्टकचेरी नाही.

परंतु या आठवणींचा एक गंभीर भाग आहे, आणि त्याकडे आपले लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. संघ हे कोणाच्या तरी मालकीचे असतात आणि मालकाचा विचार बदलला की ते एका दिवसात नाहीसे होतात. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० साली तो बंद करण्यात आला. २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन नामवंत संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपो काही वर्षांनी परतला, ही समाधानाची गोष्ट. पण या निर्णयांच्या वेळी ज्यांनी उन्हातान्हात रांगा लावल्या, त्या प्रेक्षकांना कोणी विचारले होते असे दिसत नाही.

२०२५ च्या जुलै महिन्यात तर इंडियन सुपर लीगचा येणारा हंगामच स्थगित करण्यात आला. महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातील करार संपत आला होता आणि पुढचा ठरला नव्हता. पावसाळा सरला, दिवाळी आली, पण लीगचे सामने काही सुरू झाले नाहीत. त्या दिवसांत आमच्या बैठकीत जुने सामने पूर्वीपेक्षा अधिक निघू लागले. एकदा वसईकर म्हणाले, ''सर, पुढच्या सामन्याचे बोलणे नसले की मागच्याचीही गोडी जाते.'' मला त्यांचे म्हणणे पटले. सात गोलांचा डाग केव्हा तरी धुऊन निघेल, या आशेवर तो पराभव सांगण्यात गंमत होती. ते मैदानच नाहीसे झाले, तर उरतो तो निव्वळ डाग. म्हणून प्रतिस्पर्ध्याचे कुशल चिंतणे हे प्रेक्षकाच्या हिताचे आहे. गोव्याचा संघ बुडाला, तर मुंबईकरास आनंद होण्याचे काहीच कारण नाही. त्याचा अर्धा संघ बुडाला असे त्याने समजावे.

लिंबायतीतील माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहिले म्हणजे हा विचार मला अधिक जाणवतो. ही मुले सुरतेत जन्मली. त्यांचे आईबाप स्वतःला धुळ्याचे, जळगावचे, नंदुरबारचे म्हणवितात. परगावी राहणे म्हणजे काय, हे त्यांच्या घरी सर्वांना ठाऊक आहे. परक्या मैदानावर पाहुण्यांच्या कोपऱ्यात बसून आपल्या माणसांसाठी ओरडावे, हरल्यास मुकाट्याने ऐकून घ्यावे, जिंकल्यास यजमानाच्या दुःखाची थोडी जाण ठेवावी, आणि सामना संपल्यावर त्याच्याच हॉटेलात चहा घेऊन गाडी गाठावी, एवढे शिक्षण परगावचा एक सामना देतो. माझ्या मते ते थोडे नव्हे.

तेव्हा श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांनी असे सामने पाहिले असतील, त्यांनी ते घरातील मुलांना सांगावेत. तारीख, गोल आणि गाडीचे नाव यांसकट सांगावेत. पराभव गाळू नयेत. आणि पुन्हा कधी मडगावला, अंधेरीला किंवा आणखी कोठे शेजाऱ्यांचा सामना ठरेल, तेव्हा त्या मुलांपैकी एकाला बरोबर न्यावे. परतताना डब्यात ते मूल गप्प बसले, तर त्यालाही पुढे सांगावयास काही मिळाले असे समजावे.