भ्रामरी वृत्ती आणि श्रावकाची बाग



मुक्या जीवाशी माणसाचे नाते कसे असावे, हा प्रश्न नागपंचमीच्या शिराळ्याला नवा नाही. आज विचार करावयाचा आहे तो त्याहूनही लहान जीवाचा, परसबागेतील मधमाशीचा.

सकाळी तुळशीच्या मंजिरीवर अथवा शेवग्याच्या फुलोऱ्यावर आलेली सातेरी मधमाशी क्षणभर न्याहाळावी. सोंडेने ती मकरंद शोषते व पोटातील मधाच्या पिशवीत साठविते. अंगाला चिकटलेले पराग मागच्या पायांवर गोळा करते. एका फुलातून थोडेसेच घेऊन ती पुढच्या फुलाकडे जाते. एका फेरीत ती बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते. त्यामुळे योग्य पराग योग्य फुलाला पोहोचतात. दोडका, कारले, भोपळा यांची नर व मादी फुले वेगवेगळी असतात. तेथील फळधारणा मुख्यतः अशा कीटकांवरच अवलंबून असते. माशीला अन्न मिळते आणि फूल न दुखावता फळते.

जैन आचार्यांनी हे पूर्वीच जाणले होते. आचार्य शय्यंभवांच्या दशवैकालिक सूत्राचे ‘द्रुमपुष्पिका’ हे पहिले अध्ययन अवघ्या पाच गाथांचे आहे. फुलाला पीडा न देता रस घेणारा भ्रमर त्यात साधूच्या भिक्षेचा आदर्श ठरला आहे. दिगंबर परंपरेतही मुनींच्या आहारचर्येला ‘भ्रामरी वृत्ती’ म्हटले आहे. दात्यावर भार पडू नये, हा तिचा आशय. श्रावकाच्या अष्टमूलगुणांत तर मद्य-मांसाबरोबर मधुत्यागही सांगितला आहे.

परंतु मधुत्यागाने मधमाशीविषयीचे कर्तव्य संपते काय? सांगली जिल्ह्यातील अनेक जैन कुटुंबे शेती करतात. ज्या घरात मधाचा थेंबही येत नाही, त्याच घरच्या वेलींवर भर फुलोऱ्यात, सकाळच्या वेळी कीटकनाशक फवारले गेले, तर फुलावर आलेली माशी पोळ्याकडे परतत नाही. शेतीतील उद्योगी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्रासही मान्य आहे. तथापि यत्नाचार त्याच्या हाती आहे. फुलोऱ्यात फवारणी टाळावी; अगदीच निकड असल्यास माश्या परतल्यावर, सायंकाळी करावी. बांधावर शेवगा, दारी तुळस आणि उथळ भांड्यात खडे घालून ठेवलेले पाणी, एवढे तर प्रत्येकास शक्य आहे.

फुलाला न दुखविता आहार घेण्याचा आदर्श मुनींनी पाळला. माशीला न दुखविता पीक घेण्याचा यत्न श्रावकाने करावा. प्रत्येक घराने एवढा नियम घ्यावा.

जयजिनेंद्र!