नातवाचं नाव खुशाल ठेवायचं का?

परवा पुसदला आमच्या बचत गटात बारशावरून वाद झाला. सासूबाईंना नातवाला पणजोबांचं नाव हवं, खुशाल. सून म्हणे, "आई, लई जुनं वाटते. त्यासारखंच दुसरं पाहू." शेजारीण म्हणाली, "ते तर फारसी, आपलं कुठं?"

फारसी तर खरंच. ‘खुश हाल’, म्हणजे आनंदात असलेला. पण मग गुलाबराव तरी कुठलं? फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. दौलतराव, हिंमतराव हीसुद्धा फारसीतूनच आली. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या हाक मारली की नाव आपलंच होते.

आता सुनेसाठी. अर्थ धरला तर आनंद किंवा हर्ष. फारसीचं नातं हवं तर मिहिर. आपल्याकडे त्याचा अर्थ सूर्य, आणि फारसीतलं ‘मेहर’ त्याचंच भावंड. उच्चार जवळचा हवा तर कुशल.

एक ध्यानात ठेवा. नाव ठरलं नाही म्हणून जन्माची नोंद थांबवू नका. ती २१ दिवसांत करा. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क चढवता येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावापुढे आईचंही नाव लागते, वडिलांच्या आधी.

आमच्या गटातल्या बाळाचं नाव कुशल ठरलं. सासूबाई हसून म्हणाल्या, "लांबून हाक मारली, तर मले खुशालच ऐकू येईल."