बालीतील दोन दिशा

मुले लहान असतात तोवर प्रवासाचा बेत ठरविणे सोपे असते. आपण नेऊ तिकडे ती येतात आणि थोडे आइसक्रीम मिळाले, की कोणतेही स्थळ त्यांना रम्य वाटते. ती तेरा-चौदा वर्षांची झाली म्हणजे वडिलांचे हे राज्य संपुष्टात येते. मग प्रवासाचा बेत ठरत नाही. त्याच्या वाटाघाटी होतात. गेल्या वर्षी आमच्या घरी अशा वाटाघाटी पंधरा दिवस चालल्या. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा चौदा वर्षांचा. जुलै महिन्यात मुलगी शिक्षणासाठी परगावी जाणार होती. चौघांनी मिळून केलेला हा बहुधा अखेरचा निवांत प्रवास, हे सर्वांच्या मनात होते. बोलून मात्र कोणी दाखवीत नव्हते.

मला ज्वालामुखी पाहावयाचा होता. ज्या दख्खनच्या पठारावर माझे बालपण गेले, ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून घडले. विझलेल्या चुलीपाशी वाढलेल्या माणसाला पेटती चूल एकदा पाहावी, असे वाटणारच. मुलांना हवा होता समुद्र. तोही पोहता येईल असा. अखेर इंडोनेशियातील बाली बेटावर तह झाला. तेथे डोंगर आहे, समुद्र आहे, आणि दोहोंत काही तासांचेच अंतर आहे. तह झाला खरा, पण रोजचे वेळापत्रक मी केले. कार्यालयात जन्म घालविलेल्या माणसाच्या हातून कागद आणि पेन्सिल सहसा सुटत नाही.

बालीत पहिल्याच दिवशी एक मौज कळली. आमच्या गाडीचा चालक रस्ता सांगताना उत्तर-दक्षिण म्हणेना. तो म्हणे ‘कजा’ आणि ‘कलोद’. कजा म्हणजे डोंगराकडे, कलोद म्हणजे समुद्राकडे. बालीच्या लोकांच्या मुख्य दिशा या अशा आहेत. घरातील देवस्थान डोंगराकडच्या बाजूस असते. झोपताना डोके समुद्राकडे करीत नाहीत. गंमत अशी, की या दिशा होकायंत्राप्रमाणे स्थिर नाहीत. बेटाच्या दक्षिण भागात डोंगर उत्तरेला, म्हणून तेथे कजा म्हणजे उत्तर. तोच माणूस डोंगर ओलांडून उत्तर किनाऱ्यावर गेला, की त्याची कजा दक्षिणेला जाते. हे ऐकून आमचा मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, “म्हणजे बाबा कजा आणि आम्ही दोघे कलोद!” सर्वजण हसले. मीही हसलो, पण त्या हसण्यात थोडी खोच होती, हे मला समजले होते.

माझी दिशा पहिली आली. बातुर हा ज्वालामुखी 1717 मीटर उंचीचा. आकडा फार मोठा नाही. पण तो जेथे उभा आहे, ते स्थळ थक्क करणारे आहे. पुरातन काळच्या प्रचंड उद्रेकांत मूळ पर्वताचा माथा खचला आणि सुमारे तेरा किलोमीटर लांब व दहा किलोमीटर रुंद अशी कढई तयार झाली. तिच्या तळाशी चंद्रकोरीच्या आकाराचे सरोवर आहे, आणि मध्ये हा नवा डोंगर उगवला आहे. 1926 सालच्या उद्रेकात लाव्हाने पायथ्याचे बातुर गाव गिळले. गावकऱ्यांनी आपले देव उचलले आणि कढईच्या काठावर नवे गाव व नवे मंदिर वसविले. मंदिर सरोवराच्या देवीचे आहे. खालच्या खाचरांना मिळणारे पाणी तिचे, अशी श्रद्धा आहे. ते पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळांना ‘सुबक’ म्हणतात. धुळे-नाशिकाकडची फडपद्धती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. 2012 साली सुबकच्या भूप्रदेशास जागतिक वारशात स्थान मिळाले.

बातुरवर सूर्योदय पाहण्याची रीत आहे. त्यासाठी मध्यरात्री दोन वाजता मी सर्वांना उठविले. पहाटे चारच्या सुमारास दोन वाटाड्यांसह आम्ही अंधारात चढू लागलो. पायांखाली सुटा, काळा खडा. एक पाऊल वर टाकावे तर अर्धे मागे सरते. अर्ध्या वाटेवर मुलगा एका दगडावर बसला आणि “मी येत नाही” म्हणाला. त्याला धाप लागली होती. मी घड्याळ पाहिले. सूर्योदयास अवकाश थोडा होता. मग माझ्या तोंडून जे शब्द गेले, ते आजही मला आठवतात. “एवढा खर्च करून येथे बसायला आणले का तुला?” वाटाड्यांना मराठी येत नव्हते, पण स्वराला भाषा लागत नाही. त्यांनी दुसरीकडे पाहिले. मुलगी भावाशेजारी बसली आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, तुम्ही पुढे व्हा. आम्ही येतो.” एक वाटाड्या त्यांच्यापाशी थांबला. मी पुढे झालो.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा पूर्व उजळली होती. समोर अबांग, त्यामागे आगुंग, आणि दूर समुद्रापलीकडे लोंबोक बेटावरचा रिंजानी. ढगांच्या दुलईतून तीन शिखरे वर आली होती आणि खाली सरोवर शिशासारखे निश्चल होते. भेगांतून वाफ निघत होती. तिच्यावर वाटाडे अंडी उकडीत होते. मी ज्यासाठी आलो ते सर्व डोळ्यांसमोर होते. इतक्यात पत्नीने विचारले, “अहो, मुलांना पाणी दिलंत का?”

पाण्याच्या बाटल्या माझ्या पिशवीत होत्या. चारही.

पुढचा अर्धा तास मी सूर्याकडे पाठ करून वाटेकडे पाहत उभा होतो. मुले आली ती हसत आली. खालच्या एका वळणावर बसून त्यांनी सूर्योदय पाहिला होता. वाटाड्याने आपल्या बाटलीतले पाणी त्यांना दिले होते. मी बाटली पुढे केली. मुलाने ती घेतली, पाणी प्याला, आणि काही बोलला नाही. तो काही म्हणाला असता तर मला बरे वाटले असते.

दोन दिवसांनी आम्ही पूर्वेकडे निघालो. वाटभर आगुंग दिसत होता. तीन हजार मीटरांहून उंच असा हा बालीचा सर्वोच्च आणि सर्वांत पवित्र पर्वत. त्याच्या उतारावर बसाकीह हे महामंदिर आहे. 1963 साली तेथे ‘एकादश रुद्र’ हा शंभर वर्षांनी यावयाचा महोत्सव चालू असतानाच पर्वत जागा झाला. त्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे दगावली. लाव्हा मंदिरापासून थोड्या अंतरावरून निघून गेला. पर्वताने आकाशात उधळलेल्या गंधकामुळे पृथ्वीचे तापमानही काही काळ किंचित उतरले. 2017 साली तो पुन्हा धुमसू लागला, तेव्हा उद्रेकाआधीच लाखाहून अधिक लोकांना हलविण्यात आले. नोव्हेंबरात राख इतकी उडाली, की विमानतळ बंद ठेवावा लागला.

आमचा चालक याच पायथ्याच्या एका गावचा. 2017 साली त्याचे कुटुंब छावणीत होते. पण त्याचा बाप दिवसाआड गावी परत जात असे. मी अधिकाऱ्याच्या सवयीने विचारले, “मनाई असताना का जात होते?” तो म्हणाला, “गाई होत्या ना.” स्थलांतराच्या याद्या मीही केल्या आहेत. गुरांचा रकाना आमच्याही नमुन्यात असतो. पण त्या रकान्यापायी माणूस आगीच्या दिशेने चालत जातो, हे कागदावर कधी उमटले नव्हते. मुलीने विचारले, “मग हे लोक येथून कायमचे का जात नाहीत?” चालकाने खिडकीबाहेर बोट दाखविले. दोन्ही बाजूंना हिरवीगार शेते होती. ज्या राखेने एका पिढीचे पीक जाळले, तीच पुढच्या पिढीची माती झाली होती.

अखेर मुलांची दिशा आली. तुलांबेन हे ईशान्य किनाऱ्यावरचे गाव. बालीच्या दक्षिण टोकाला प्रवाळापासून झालेला चुनखडक आहे, म्हणून तेथील वाळू पांढरी. येथील किनारा काळा आहे. गोल, गुळगुळीत गोट्यांनी भरलेला. लाट मागे फिरली, की त्या गोट्यांचा खळखळाट होतो. मुलगा एक गोटा हातात फिरवीत म्हणाला, “बाबा, हा तर तुमच्या डोंगरातलाच आहे.” मी वेळापत्रकात डोंगर एका रकान्यात आणि समुद्र दुसऱ्या रकान्यात लिहिला होता. येथे डोंगरच समुद्रात उतरलेला होता.

आणि त्याने आणखी एक गोष्ट समुद्रात ढकलली होती. 1942 सालच्या जानेवारीत ‘लिबर्टी’ नावाचे अमेरिकन मालवाहू जहाज जपानी पाणबुडीच्या पाणतीराने जायबंदी झाले आणि या किनाऱ्याला आणून लावण्यात आले. एकवीस वर्षे ते गोट्यांवर पडून राहिले. 1963 साली आगुंगच्या उद्रेकात धरणी हादरली आणि जहाज सरकून पाण्यात गेले. आज ते तीराजवळच तळाशी आडवे आहे. ते पाहण्यासाठी पाणबुडे येतात, आणि त्यांच्या हवेच्या जड टाक्या गावातील बायका डोक्यावर घेऊन किनाऱ्याने चालतात.

मला पोहता येत नाही. हे मी घरी कधी लपविले नाही, पण मिरविलेही नाही. मुलांनी मला तरंगण्याचे जाकीट चढविले, डोळ्यांवर काच बांधली, तोंडात श्वासाची नळी दिली. गुडघाभर पाण्यात माझे पाय गोट्यांवरून घसरू लागले. छातीभर पाण्यात मी थांबलो आणि “मी येत नाही” म्हणालो. म्हटल्यावर लक्षात आले, की हे शब्द मी कोठेतरी ऐकले आहेत. मुलगी जवळ आली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “सावकाश, बाबा. काही घाई नाही.” दुसरा हात मुलाने धरला.

मी तोंड पाण्यात घातले. प्रथम नुसता निळा अंधार. मग खालून एक भिंत वर आली. लोखंडाची होती, पण लोखंड दिसत नव्हते. प्रवाळ आणि जलवनस्पती यांनी ते पुरते झाकले होते. जहाजाच्या फासळ्यांतून पिवळे-काळे मासे ये-जा करीत होते. युद्धाने मोडलेली आणि पर्वताने बुडविलेली ती वस्तू आता नांदते घर झाली होती. मी किती वेळ पाहत होतो, ठाऊक नाही. घड्याळ काठावर पत्नीपाशी होते.

बाहेर आल्यावर मी मुलाला म्हणालो, “त्या दिवशी बातुरवर माझे चुकले.” तो म्हणाला, “ठाऊक आहे.” आणि थोड्या वेळाने, “भूक लागली आहे.” चौदाव्या वर्षी क्षमा अशीच करतात.

त्या सायंकाळी किनाऱ्यावर बसून चालकाने त्यांच्या नववर्षाची हकीगत सांगितली. ते शक संवत्सर पाळतात; आपल्या पाडव्याच्या शकाशी त्याचे नाते आहे, आणि 2023 साली दोन्ही सण एकाच दिवशी, 22 मार्चला आले होते. त्यांच्या नववर्षदिनाचे नाव न्यपी. त्या दिवशी साऱ्या बेटावर मौन असते. दिवे नाहीत, वाहने नाहीत, विमानतळही बंद. त्याआधी मंदिरांतील देव मिरवणुकीने समुद्रावर नेतात आणि शुद्ध करून परत आणतात. डोंगराकडचे देवसुद्धा वर्षातून एकदा समुद्राकडे येतात. हे ऐकताना मुलाने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही.

आम्ही बसलो होतो तेथून आगुंग नैर्ऋत्येला दिसत होता. त्या रात्री माझी कजा फिरलेली होती.

जुलैत मुलगी गेली. स्टेशनवर सामान चढविले, सूचना देऊन झाल्या. त्यांतील निम्म्या तिने ऐकल्या नसाव्यात. गाडी सुटण्यापूर्वी मी खिडकीतून पाण्याची बाटली तिच्या हाती दिली. तिच्याजवळ एक होतीच. तिने तीही घेतली, आणि हसली.