घरच्या नाण्यांची छायाचित्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय ऐकून काही जणींना हसू आले असेल. नाण्यांचे फोटो काढावयाचे ते हौशी संग्राहकांनी. आपल्या घरी कुठली आली नाणी? पण आपला जालना १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. हाली आणि कलदार असे दोन्ही रुपये आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांतून गेले. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा तो हिशेब. १९५९ साली हाली चलन बंद झाले. उरलेली नाणी कोणाच्या देवघरातल्या डबीत राहिली, कोणाची सोनाराच्या मुशीत गेली. मुशीत गेली ती गेलीच. डबीत आहेत त्यांची निदान छायाचित्रे घरात हवीत. चोरी झाली किंवा वाटण्या झाल्या, म्हणजे “आमचा रुपया असा होता” हे नुसते तोंडी सांगून कोणाला पटत नाही.

पहिली गोष्ट, नाणे घासू नका. आपल्या हाताला भांडी लख्ख करण्याची सवय. चिंच, लिंबू, राख लगेच आठवते. त्याने नाणे चकाकते खरे, पण अक्षरे झिजतात आणि जाणकार गिऱ्हाईक तोंड फिरवते. लक्ष्मीपूजनाला एखादे नाणे वेगळे ठेवावे. सगळ्यांनाच दरवर्षी पंचामृताचे स्नान कशाला? नाणे कडेने धरावे, खाली मऊ फडके असावे.

आता फोटो. मुलांचा मोबाईल पुरेसा आहे. सकाळी खिडकीशी बसावे, पण ऊन थेट नको. फ्लॅश तर नकोच. चांदीवर नुसता पांढरा डाग उठतो. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या सारख्या उंचीच्या चळती रचून त्यांवर मोबाईल आडवा ठेवला, की हात हलत नाही आणि गोल नाणे लांबट दिसत नाही. अगदी जवळ नेऊ नये, मोबाईलचीच सावली पडते. वीतभर उंचीवरून घ्यावा आणि चित्र मग मोठे करावे. खाली करडा कागद, शेजारी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी. दोन्ही बाजू घ्याव्यात आणि वजन सोनाराकडून करून लिहून ठेवावे.

खरी गंमत उजेडाच्या दिशेत आहे. चारमिनारचे चित्र असलेला रुपया घ्या. मधल्या कमानीत एक इवलेसे उर्दू अक्षर असते. ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अली खानाचे, ‘ऐन’ असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खानाचे. वरून सपाट उजेड पडला की हे अक्षर बुजून जाते. खिडकीचा एकच दरवाजा किलकिला ठेवून उजेड आडवा येऊ द्या. अक्षराची सावली पडते आणि ते उठून दिसते. झिजलेल्या पैशालाही हीच युक्ती. म्हणून प्रत्येक नाण्याचे एक चित्र मऊ उजेडात, एक तिरप्या उजेडात घ्यावे.

शेतात सापडलेल्या नाण्याची गोष्ट मात्र निराळी. भोकरदनला १९७३ साली उत्खनन झाले, त्यात सातवाहनांची नाणी निघाली. आपल्या जिल्ह्याची माती अशी जुनी आहे. नांगराला काही लागले तर उचलण्यापूर्वी जागेवरच फोटो घ्या. जमिनीत पुरलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावे लागते. ते गुपचूप सोनाराकडे नेण्याचे काम नव्हे.

शेवटी, ही चित्रे घरच्या वहीसाठी आहेत, गावभर पाठवण्यासाठी नाहीत. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी एवढी फी भरा, असे फोन येतात; त्यात रिझर्व्ह बँकेचे नावही घेतात. बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले, की असल्या व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलीही फी घेत नाही. तेव्हा फीची गोष्ट निघाली, की फोन खाली ठेवावा.